विकास आराखड्यावर हरकत: तीस दिवस आणि एक ओढा

प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा कच्चा मसुदा, जाहीर झाला की गावात पहिला प्रश्न येतो, "आपल्या गटावर काय पडलंय?" पडलंय म्हणजे आरक्षण, शाळा, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जमीन. दुसरा प्रश्न, पिवळा पट्टा, म्हणजे राहण्यासाठीचा झोन, कुठवर आलाय. पुढच्या वीस वर्षांत माणसं किती वाढतील आणि त्यांना पाणी किती लागेल हे कोणी विचारत नाही. खरी गोम मात्र तिथेच असते. पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या आराखड्यावर आम्ही काही जणांनी हरकती दाखल केल्या. कागद आणि नकाशे तपासायचं काम माझ्याकडे होतं. नगरपरिषदेचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते थोड्याफार फरकाने सगळीकडे होतं.

कायद्याचा क्रम आधी डोक्यात पक्का हवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २३ नुसार आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम २५ नुसार सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, कलम २६ नुसार प्रारूप प्रसिद्ध होतं, कलम २८ नुसार नियोजन समिती हरकतींवर सुनावणी घेते, मग कलम ३० आणि ३१, म्हणजे शासनाकडे रवानगी आणि मंजुरी. दर वीस वर्षांनी उजळणी, कलम ३८. प्रत्यक्षात हा गाडा किती रखडतो ते पुणेकरांना सांगायला नको. १९८७च्या आराखड्याच्या सुधारणेचं प्रारूप मार्च २०१३ मध्ये आलं, त्यावर ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या आणि मंजुरी मिळेपर्यंत जानेवारी २०१७ उजाडलं. छोट्या शहरात हरकतींचा गठ्ठा तेवढा जाड नसतो. त्यामुळे नीट लिहिलेली हरकत वाचली जाण्याची शक्यता बरीच जास्त.

आमच्या सूचनेत मुदत तीस दिवसांची होती. ती राजपत्रात सूचना आली त्या दिवसापासून मोजायची. वर्तमानपत्रात जाहिरात आली किंवा आपल्या हातात नकाशा पडला तो दिवस धरून चालत नाही. तीसमधले पहिले सात-आठ दिवस कागद मिळवण्यातच जातात हे गृहीत धरावं.

लोक फक्त प्रस्तावित नकाशा मागतात. तेवढ्यावर भागत नाही. कलम २६ नुसार आराखड्यासोबत विद्यमान जमीन वापराचा नकाशा व सर्वेक्षणाचा अहवाल, तरतुदी समजावणारा अहवाल, विकास नियंत्रण नियम, टप्प्यांची मांडणी आणि भूसंपादनाच्या खर्चाचा अंदाज हे सगळं प्रसिद्ध करावं लागतं. वाजवी किमतीत साक्षांकित प्रत विकत द्यावी लागते. आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं की "नकाशा भिंतीवर लावलाय, फोटो काढून घ्या". मोबाइलच्या फोटोत कडेला नकाशा वाकतो, त्यावर मापं घेता येत नाहीत. लेखी अर्ज करून त्यात कलम २६ लिहिलं, तेव्हा पीडीएफ आणि अहवाल चौथ्या दिवशी मिळाले.

आता नकाशा छापण्याबद्दल, कारण निम्मी माणसं इथेच फसतात. आमचा नकाशा १:४००० प्रमाणाचा, ए-० कागदासाठी केलेला. म्हणजे कागदावरचा १ मि.मी. जमिनीवर ४ मी. आणि १२ मीटरचा रस्ता ३ मि.मी. रुंद. झेरॉक्सवाल्याने तो 'फिट टू पेज' करून ए-३ वर काढून दिला. ए-० वरून ए-३ वर आलं की प्रमाण २.८ पटीने लहान होतं, साधारण १:११,३००. त्यावर पट्टी लावून एका गृहस्थाने "माझ्या कुंपणाला चिकटून जेमतेम चार मीटरचा रस्ता दाखवलाय" असं हरकतीत लिहिलं होतं. तो रस्ता १२ मीटरचा होता आणि घराच्या कुंपणापासून चांगला लांब होता. नकाशावरच्या प्रमाणपट्टीचं माप घेऊन मगच मोजायचं, नाहीतर मूळ मापातच प्लॉट काढून घ्यायचा.

त्याहून बरं म्हणजे नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन उपग्रहचित्रावर बसवणं. सॉफ्टवेअर फुकट आहे. पुण्याच्या भागासाठी त्यात निवडायची निर्देशांक पद्धत यूटीएम झोन ४३ उत्तर. जुळवणीचे बिंदू आठ-दहा तरी घ्यावेत आणि ते चारही कोपऱ्यांत पसरलेले असावेत: पुलाचं टोक, रेल्वे फाटक, जुन्या शाळेचा कोपरा. झाड किंवा शेताचा बांध बिंदू म्हणून घेऊ नये. गटांच्या रेषांसाठी महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गाव नकाशा वापरला, पण काही ठिकाणी तो उपग्रहचित्रापासून दहा-पंधरा मीटर सरकलेला दिसतो. म्हणून त्याच्या जोरावर कुणाच्या भिंतीचा दावा करू नये. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशाची प्रत, लागते. आणखी एक खोडी म्हणजे सातबारावर गट ११२/२/अ असतो आणि आराखड्यात नुसता ११२. गटाचे पोटहिस्से दाखवणारा फाळणी नकाशा जोडला नाही तर तुमचा तुकडा कुठला हे समितीला कळणारच नाही.

बसवलेला नकाशा पाहताना तीन चुका लगेच दिसल्या. दोन शीटच्या जोडावर एक रस्ता अलीकडे १५ मीटर आणि पलीकडे १२ मीटर. विद्यमान वापरात 'शेती' दाखवलेल्या दोन गटांवर प्रत्यक्षात घरं उभी, कारण आधारचित्र जुनं. तिसरी चूक मोठी होती: गायब ओढा.

प्राथमिक शाळा आणि क्रीडांगण असं ६० आरचं आरक्षण, म्हणजे जवळपास दीड एकर. गाव नकाशात त्याच जागेतून दोन बारीक समांतर रेषा तिरप्या जातात, तो ओढा. प्रारूपात त्या रेषा नाहीत. उपग्रहचित्र उन्हाळ्यातलं, पात्र कोरडं, वर दोन्ही काठांच्या बाभळींची गर्दी. नकाशा गिरवणाऱ्याला ते पडीक रान वाटलं असणार. पावसाळ्यात तिथे कंबरभर पाणी असतं. शाळेचं मैदान नेमकं त्यावर, आणि पलीकडच्या १२ मीटरच्या रस्त्याला मोरीसुद्धा दाखवलेली नाही. विद्यमान वापराचा नकाशा मी एवढा लावून धरतो तो यासाठी. तिथे ओढा सुटला की पुढचं प्रत्येक आरक्षण चुकीच्या जमिनीवर बसतं. नदीकाठच्या गटांसाठी पूररेषाही तपासाव्यात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. नकाशात रेषा नसेल तर पाटबंधारे खात्याने ती आखलीच नाही की आराखड्यावर उतरवायची राहिली, हे लेखी विचारावं.

मग लोकसंख्या. अहवालाच्या पहिल्या प्रकरणांत एक तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. आमच्या वेळी हाताशी शेवटची जनगणना २०११चीच होती, त्यामुळे पुढचं सगळं अंदाजावर. अंदाजाच्या पद्धती तीन, आणि त्या किती वेगळं बोलतात ते सोप्या आकड्यांवर पाहू. समजा १९९१ मध्ये २० हजार, २००१ मध्ये ३० हजार, २०११ मध्ये ४५ हजार. सरळ वाढ धरली, म्हणजे दशकाला सरासरी १२,५००, तर २०४१ मध्ये ८२,५००. वाढीतली वाढ धरली, म्हणजे त्या सरासरीत दर दशकाला आणखी ५,००० ची भर, तर १,१२,५००. दर दशकाला दीडपट असं भूमितीने धरलं तर १,५१,८७५. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरा. पहिल्या आकड्याला १ कोटी ११ लाख लिटर लागतं, शेवटच्याला २ कोटी ५ लाख. मोकळ्या जागेचं माणशी १० चौ. मी. धरलं तर ८२ हेक्टर आणि १५२ हेक्टर. शहर एकच, जनगणनाही तीच, आणि आरक्षणाच्या जमिनीत ७० हेक्टरचा फरक.

कुठली पद्धत बरोबर, याला एकच उत्तर नाही. शेजारी औद्योगिक वसाहत वाढत असेल तर भूमितीय वाढ काही काळ खरी ठरते. जुन्या बाजारपेठेच्या गावात सरळ वाढच बरी. विचारायचं एवढंच की निवडलेली पद्धत का निवडली ते अहवालात लिहिलंय का, आणि पाण्याच्या प्रकरणात तोच आकडा वापरलाय का. आमच्याकडे आरक्षणं मोठ्या आकड्यावर बेतलेली आणि पाणीपुरवठा लहान आकड्यावर. हे एका वाक्यात आणि दोन पानांच्या क्रमांकांसह लिहिलं. समितीसमोर सगळ्यात जास्त चर्चा याच मुद्द्यावर झाली.

पैशाचा मुद्दा याला जोडूनच येतो. भूसंपादनाच्या खर्चाचा अंदाज काढायचा आणि नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातली भांडवली तरतूद शेजारी ठेवायची. भागाकार केला की ही आरक्षणं ताब्यात यायला किती वर्षं लागतील ते दिसतं. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ नुसार मालक हक्काच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. म्हणजे ऐपतीबाहेर टाकलेलं आरक्षण बारा वर्षांनी बागही देत नाही आणि मालकालाही बारा वर्षं अडकवून ठेवतं. 'आरक्षणं जास्त म्हणजे आराखडा चांगला' हा समज शहाण्यासुरत्या माणसांतही असतो. तो मला अजिबात पटत नाही. टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन जमीन घेऊ असं उत्तर मिळतं, पण छोट्या शहरात टीडीआरला गिऱ्हाईक लागतं आणि ते मिळेलच असं नाही.

हरकत लिहिताना एका कागदावर एकच विषय. वर शीट क्रमांक, आरक्षण क्रमांक, गट क्रमांक. मग प्रारूपात काय आहे, जागेवर काय आहे, आम्हाला काय हवं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. "आरक्षण रद्द करा" एवढंच लिहिलं की समितीपुढे हो किंवा नाही एवढाच मार्ग उरतो. आम्ही लिहिलं की शाळेचं आरक्षण पूर्वेला ३० मीटर सरकवावं, क्षेत्र ६० आरच ठेवावं, ओढ्याच्या दोन्ही काठांना हरित पट्टा दाखवावा, रस्त्याला मोरी द्यावी. सोबत भाग नकाशावर, म्हणजे आराखड्याच्या त्या जागेपुरत्या तुकड्यावर, लाल पेनाने नवी हद्द, गाव नकाशाची प्रत आणि तारखेसह पावसाळ्यातले चार फोटो. पूर्वेकडच्या मालकाशी आधी बोलून घेतलं, नाहीतर त्याची हरकत आमच्यावरच आली असती.

एकाच मजकुराचे दोनशे छापील अर्ज देण्याची पद्धत आहे. गठ्ठा वजनदार दिसतो, पण समिती एकसारख्या हरकती एकाच विषयाखाली घेते. त्यापेक्षा एक सविस्तर अर्ज आणि त्याला सह्यांची यादी जोडावी. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं धरू नये. शेवटी "व्यक्तिशः सुनावणी हवी" ही ओळ घालावी. शेवटच्या दोन दिवसांत आवक खिडकीवर रांग लागते आणि पाच वाजता ती बंद होते.

समितीत नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. जाणकारांना नकाशा वाचता येतो, म्हणून भाषण न करता नकाशा टेबलावर पसरावा. आम्हाला पाच-सात मिनिटं मिळाली. सुनावणीचं पत्र आदल्या दिवशी संध्याकाळी हातात पडलं, त्यामुळे बाहेरगावच्या दोघांना येता आलं नाही. त्यांनी अधिकारपत्र आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून निभावलं. आपण मांडलेला मुद्दा इतिवृत्तात कसा लिहिला जातोय ते तिथेच विचारून घ्यावं.

समितीचा अहवाल पुढे नगरपरिषदेकडे जातो आणि तिथे पुन्हा बदल होऊ शकतात. बदल भरीव स्वरूपाचे असतील तर कलम २९ नुसार पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. मंजुरीच्या वेळी काही भाग वगळून बाकीचा मंजूर होतो आणि वगळलेल्या भागाची सूचना वेगळी निघते. तिच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, कारण तिची मुदत निराळी असते. मंजूर नकाशा आला की साक्षांकित भाग नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे आपला गट कुठल्या झोनमध्ये आहे याचा दाखला, दोन्ही काढून एकमेकांशी ताडून पाहावेत. झोन दाखल्यावर जुनाच झोन लिहून येण्याचे प्रकार होतात.

आमचे दोन मुद्दे मान्य झाले, दोन फेटाळले गेले. लोकसंख्येचा तक्ता होता तसाच राहिला, पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात मात्र एक परिच्छेद वाढला. रस्त्याची रुंदी दोन्ही शीटवर १५ मीटर झाली. शाळा ३० ऐवजी २४ मीटर सरकली आणि ओढ्याच्या दोन्ही बारीक रेषा मंजूर नकाशात आल्या. मोरी अजून कुठल्याच नकाशावर नाही.