आठ सायकली आणि सटरफटर सामान

कपडे, झोपायची पिशवी, रेनकोट हे प्रश्न लवकर सुटतात. ज्याचं त्याने घ्यायचं, ज्याचं त्याने वाहायचं. घोळ होतो तो उरलेल्या सामानाचा: ट्यूब, पाने, पंप, तेल, चार्जर, टेप, औषधं. लांब पल्ल्याच्या मोहिमेला आम्ही आठ जण निघालो, तेव्हा हा सगळा पसारा माझ्याकडे आला. कुणी लादला नव्हता. ‘मी यादी करू का?’ असं मीच विचारलं होतं. असं विचारू नये.

आधी प्रत्येकाकडून ‘मी काय घेतोय’ ते मागवलं. आठ जणांचे मिळून आठ पंप निघाले, चेनच्या तेलाच्या सहा बाटल्या निघाल्या आणि चेन जोडायची क्विक लिंक एकाच्याही यादीत नव्हती. माणूस घरी जे रोज हाताळतो तेच त्याला आठवतं. मग सामान विचारणं सोडलं आणि सायकलीची माहिती मागितली: टायरवर छापलेला आकडा, व्हॉल्व्ह कुठला, मागे गिअर किती, ब्रेक कुठल्या जातीचे. ‘फोटोच पाठवतो’ म्हणणाऱ्यांना फोटोही चालतील म्हटलं. यादीचं खरं काम इथे सुरू झालं.

टायरच्या कडेला 32-622 असा आकडा असतो. पहिला भाग टायरची रुंदी, दुसरा रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. गंमत अशी की रोड सायकलचं 700सी आणि माउंटन बाइकचं 29 इंची, दोन्ही 622च. नावं वेगळी म्हणून आपण ट्यूबही वेगळ्या समजतो, पण अडचणीत अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये ताणून बसते आणि मुक्कामापर्यंत पोचवते. उलटं जमत नाही, जाड ट्यूब अरुंद टायरमध्ये दुमडते. व्हॉल्व्हचंही तसंच. बारीक प्रेस्टा रुंद भोकाच्या रिमला छोटी रिंग घालून चालतो, पण जाड श्रेडर प्रेस्टाच्या भोकात शिरतच नाही. त्यामुळे सामायिक ट्यूब सगळ्या अरुंद आणि प्रेस्टाच्या घेतल्या. आमच्यात एक सायकल 27.5 इंची होती, म्हणजे 584. तिच्या मालकाला सांगितलं, ‘बाबा, तुझ्या ट्यूब तूच घे, आमची तुला उपयोगाची नाही.’

क्विक लिंक मागच्या गिअरच्या संख्येप्रमाणे बदलते, कारण गिअर वाढले की चेन बारीक होते. वजन नगण्य, म्हणून प्रत्येकी दोन. डिस्क ब्रेकचे पॅडही ज्याचे त्याने, कारण त्यांचे आकार जुळत नाहीत आणि पावसात लांब उतार लागले की ते झपाट्याने झिजतात. खरी हुज्जत झाली ती डिरेलर हँगरवरून, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्याने जोडलेला असतो त्यावरून. ‘इतकी वर्षं चालवतोय, कधी लागला नाही,’ हे मी निरनिराळ्या आवाजांत ऐकलं. सायकल उजवीकडे पडली की फ्रेम आणि डिरेलर वाचावेत म्हणून हा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तो वाकतो किंवा तुटतो, आणि दुसऱ्याचा बहुधा बसत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा वेगळा. या एका वस्तूबाबत मी हट्ट सोडला नाही.

आरे नेण्याचा मात्र नाद सोडला. एकाच सायकलला दोन-तीन लांबीचे आरे असू शकतात, आणि मागच्या चाकात गिअरच्या बाजूचा आरा तुटला तर तो घालायला कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच, काढावी लागते. त्याऐवजी दोरीसारखा केवलारचा आरा मिळतो, तो कॅसेट न काढता ओवता येतो. गटासाठी दोन पुरेत.

बारीकसारीक वस्तू भराभर झाल्या. टेपचं अख्खं बंडल न घेता पंपालाच चार वेढे. झिप टाय भरपूर. कॅरिअर आणि बाटलीच्या स्टँडला बसणारे 5 मिलिमीटर जाडीचे स्क्रू मूठभर, कारण ते हादऱ्यांनी सैल होऊन पडतात. टायरची बाजू चिरली तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. पंक्चरचं सोल्यूशन न उघडलेलंच, एकदा उघडलं की ते वाळायला लागतं.

आता सामायिक वस्तू कुणी वाहायच्या? एकाने वजनाप्रमाणे समान वाटणी सुचवली. कागदावर न्याय्य, रस्त्यावर निरुपयोगी. गट चार-पाच किलोमीटरभर पसरतो. शेवटच्याची चेन तुटली आणि चेन तोडायचं हत्यार पहिल्याकडे असलं, तर ते असून नसल्यासारखं. म्हणून दुरुस्तीची एकच पिशवी केली, भडक रंगाची, आणि ती कायम सर्वांत मागे चालणाऱ्याकडे. मागे राहायची पाळी रोज बदलायची, पाळीबरोबर पिशवीही. जोरात चालवणाऱ्यांना हे आवडलं नाही. पण पिशवी वाहून मागे राहायची ताकद त्यांच्यातच जास्त, हेही खरं. पंप आठाचे तीन केले: पुढे, मध्ये, मागे. प्रथमोपचाराचे मात्र दोन संच ठेवले, एक पुढे आणि एक मागे, कारण उतारावर पडणारा माणूस बहुतेक वेळा पुढच्यांतला असतो.

विजेचं गणित वेगळंच निघालं. 10,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे 37 वॅट-तास. रूपांतरात काही वाया जातं, त्यामुळे 5,000 एमएएचचा फोन तिच्यावर दोनदा पूर्ण भरत नाही. तरी अडलं ते पॉवर बँकेवाचून नाही. मुक्कामाच्या खोलीत सॉकेट एक आणि फोन, दिवे, जीपीएस धरून भरायच्या वस्तू वीसेक. सगळ्यांनी ‘हे ओझं कशाला’ म्हणून नाकं मुरडलेला एक्स्टेंशन बोर्ड रोज संध्याकाळी सर्वांत आधी बाहेर निघायचा.

निघण्याआधी भरलेल्या सायकलींवर एक छोटी फेरी मारली. दोघांच्या टाचा पॅनिअरला, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशव्यांना, घासत होत्या, पिशव्या मागे सरकवल्या. एकाच्या पिशवीत पाने इतके खडखडत होते की ते कापडात गुंडाळल्याशिवाय त्याच्यामागे कुणी चालवायला तयार नव्हतं.

वाटेत सर्वांत जास्त संपले ते झिप टाय, त्याखालोखाल पॅच. हँगर एक लागला. कुणाचा ते सांगत नाही, तो हे वाचणार आहे. तेलाच्या सहा बाटल्यांपैकी दोन सोबत घेतल्या होत्या, त्यातली दुसरी उघडलीही नाही.