सायकियाट्रिस्ट की सायकॉलॉजिस्ट: आधी कोणाकडे जायचं?

मनाच्या त्रासासाठी आधी सायकियाट्रिस्टकडे जायचं की सायकॉलॉजिस्टकडे, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा गोंधळ साहजिक आहे, कारण मराठीत 'मानसोपचारतज्ज्ञ' हा एकच शब्द दोघांसाठीही सर्रास वापरला जातो. त्यामुळे पाटीवरचा शब्द सोडा, त्याखालची पदवी वाचा.

सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हे आधी डॉक्टर असतात आणि मग मनोविकारांचं वेगळं शिक्षण घेतात. औषधं लिहून देणं, रक्त तपासायला सांगणं, गरज पडल्यास दाखल करून घेणं हे त्यांचं काम. तपासणी उगाच नसते. थायरॉइडचं काम मंदावलं की माणूस सुस्त होतो, उदास राहतो, वजन वाढतं. सगळं डिप्रेशनसारखंच दिसतं. ते न तपासता महिनोन्महिने नुसतं बोलत राहिलं, तर मूळ दुखणं तसंच राहतं.

पहिल्या भेटीत ते झोपेबद्दल खोदून विचारतील. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही का? पूर्वी कधी चार-पाच दिवस जेमतेम झोपूनही अंगात प्रचंड उत्साह होता, पैसे उधळले, असं झालंय का? हा दुसरा प्रश्न झटकून टाकू नका. उत्तर 'हो' असेल तर आजार बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह असा, असू शकतो, आणि त्यात नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर माणूस उलट उन्मादाकडे झुकू शकतो.

डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते. म्हणून कितीतरी जण आठव्या-दहाव्या दिवशी गोळी सोडतात, म्हणजे त्रास सोसून झाल्यावर आणि गुण येण्याआधी. याचं फार वाईट वाटतं. बरं वाटल्यावरही गोळी एकदम तोडायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. नाहीतर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सहसा औषध देत नाहीत. ते मानसिक चाचण्या घेतात आणि थेरपी, म्हणजे बोलण्यातून उपचार, करतात. विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी सीबीटी बहुधा आठवड्यातून एकदा, 45 ते 60 मिनिटं, अशा 12 ते 20 भेटींची असते. ओसीडीचं, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा तीच कृती करायला लावणाऱ्या आजाराचं उदाहरण घ्या. पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्याला घरचे सांगतात, 'अरे, स्वच्छ आहेत हात.' तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तासाभरात तो पुन्हा तेच विचारतो. धीर देण्यानेच चक्र पक्कं होतं. थेरपीत उलट करतात: दाराच्या मुठीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, टिकते आणि न धुताही ओसरू शकते, हे त्याला स्वतः अनुभवायला मिळतं. हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे. नुसतं मायेनं ऐकून घेणारा समुपदेशक इथे नकळत घरच्यांसारखाच धीर देत बसतो.

समुपदेशकाची जागा वेगळी आहे. घरातले ताणतणाव, जवळच्या माणसाचं जाणं, नोकरीतली घुसमट यांसाठी तो अगदी योग्य. मनोविकार विभागातले सोशल वर्कर आणि नर्स घरच्यांना सांभाळून घेतात, औषधं नीट घेतली जातात का ते बघतात.

मग आधी कोणाकडे? कोणी नसताना आवाज ऐकू येणं, घरच्यांवरच संशय, झोप-जेवण तुटणं, अंथरुणातून उठणंच न होणं: आधी सायकियाट्रिस्ट. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला ती सोडायची असेल तरीही आधी डॉक्टरच, कारण एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. जीव द्यावासा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं, तोवर माणसाला एकटं सोडायचं नाही. रोजची कामं होताहेत पण चिंता सुटत नाही, तर सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात चालेल. मध्यम ते तीव्र डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा दोघंही लागतात.

पहिलं दार चुकलं तरी बिघडत नाही, आतल्या माणसाने पुढचं दार दाखवलं तर. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय? माझ्यासाठी कोणती पद्धत वापरणार? किती भेटींनंतर आढावा घेणार? आणि हे तुमच्या हाताबाहेरचं निघालं तर मला कोणाकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नावर जो चिडेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.