आईचा गुडघा आणि मी डिझाइन केलेलं अ‍ॅप

गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या पेशंटसाठी आमच्या टीमने एक अ‍ॅप केलं होतं आणि मला वाटायचं झकास जमलंय, मग आईचाच उजवा गुडघा बदलायचं ठरलं आणि कोथरूडच्या आमच्या घरात त्या अ‍ॅपची पार वाट लागली.

पहिला घोळ आदल्या रात्रीच. फाइलवर नुसतं लिहिलेलं, रात्री 12 नंतर काही खायचं-प्यायचं नाही. आई म्हणे, अगं मग सकाळची बीपीची गोळी घेऊ का नको? अ‍ॅपमध्ये उपाशी राहण्यावर भलंमोठं पान होतं, मीच लिहिलेलं, त्यात गोळीचा पत्ताच नाही. बीपीच्या काही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात, काही त्या दिवशी मुद्दाम थांबवतात, म्हणजे सगळ्यांना एकच उत्तर चालणारच नाही. तिच्या गोळ्यांची यादी आणि प्रत्येकीपुढे भूलतज्ज्ञांची टिक नाहीतर फुली, बास, एवढंच हवं होतं.

घरी आल्यावर अ‍ॅप रोज विचारायचं, दुखणं 0 ते 10 मध्ये किती? आई म्हणणार, लिही दोन. आणि रात्री अडीचला उशी चावून रडत होती. त्याऐवजी रात्री किती वेळा जाग आली, बाथरूमला एकट्या गेलात का, असं विचारलं असतं तर खरं कळलं असतं. गुडघ्याच्या पेशंटसाठी ऑक्सफर्ड नी (Knee) स्कोअर नावाची 1998 सालची एक प्रश्नावली आहे, तिचे 12 प्रश्न साधारण असेच आहेत, जिना, खरेदी, रात्रीचं दुखणं वगैरे, पण आईचा खरा प्रश्न होता देवापुढे मांडी घालून बसता येईल का, तो त्यात कुठला असायला.

त्याच रात्री पाय घोट्यापर्यंत काळानिळा दिसला आणि मी जाम घाबरले. रक्त खाली उतरून असं होतं हे नंतर कळलं, पोटरी सुजून दुखायला लागली तर मात्र गुठळीची भीती, लगेच फोन करायचा. हा फरक अ‍ॅपमध्ये होता की, तीन टॅब आत! अडीच वाजता कोण शोधणार?

आईने अ‍ॅप उघडलंच नाही फारसं. गुडघा वाकवायचा व्यायाम मोजायला तिने दोन वाट्या घेतल्या, एकीत दहा शेंगदाणे, एकदा वाकवला की एक दाणा दुसरीत. नातवाने मधेच दोन खाल्ले तर त्याला ओरडा बसला आणि तिला दोन जास्तीचे करावे लागले. टाके निघाले त्या दिवशी उरलेले दाणे कुटून साबुदाण्याच्या खिचडीत गेले.