घड्याळाने आज घाबरवलं

सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर हळूहळू धावत होते. नव्या स्मार्ट घड्याळात बघते तर हृदयाचे ठोके मिनिटाला १६८! माझं वय ५२. २२० वजा वय हा ढोबळ हिशोब धरला तर १६८ म्हणजे माझी कमाल मर्यादाच. आणि मी तर शेजारच्या काकूंशी मेथीच्या भावावर तावातावाने बोलत होते. टोकाला गेलेलं माणूस एवढं बोलतं होय?

थांबले. मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजले. ३४. गुणिले चार, १३६. जीव भांड्यात पडला.

घरी लेकाने मनगट बघितलं आणि हसायलाच लागला. घड्याळ बांगड्यांना खेटून, तेही सैल. त्यातला हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताची ये-जा टिपतो. पट्टा हलला की फसतो, आणि कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतो. मिनिटाला १६८ पावलं माझी सहज पडत असणार. म्हणजे आकडा खरा होता, फक्त पायांचा होता!

घेतानाच लेक म्हणत होता, छातीचा पट्टा घे. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे जास्त नेमका. पण दर वेळी ओला करून, कुर्त्याच्या आत आवळून कोण बांधणार? त्यापेक्षा दोन बांगड्या काढणं परवडलं.

संध्याकाळी घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, नीट घट्ट बांधलं आणि गच्चीत फेऱ्या मारल्या. ११२. तरी सवयीने बोटं मानेवर गेलीच.