शपथ घेतली, पण मोंढ्याच्या दिवसाचं काय?

सोयाबीन आडतीवर घातलं, पट्टीचे पैसे हातात पडले आणि मोंढ्यातून गावाकडं निघालं की वाटेत धाबा लागतो. दारू सोडल्याची शपथ मोडते ती बहुधा या टप्प्यात. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खोटी नसते, पण तिच्यात 'पिणार नाही' एवढंच असतं. ऐन वेळी त्याऐवजी करायचं काय, ते नसतं.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1990च्या दशकात मांडलेली 'जर–तर' योजना नेमकी ही फट बुजवते. "पट्टी मिळाली, तर आडतीच्या दारातूनच पैसे घरच्यांच्या खात्यावर टाकीन, खिशात दोनशे ठेवीन." "धाब्यावरून कुणी हाक मारली, तर 'गोळ्या चालू हायेत' म्हणून गाडी न थांबवता पुढं जाईन." 'जर'मध्ये जागा किंवा घडी नेमकी हवी. 'तर'मध्ये हातानं करायचं एकच काम हवं. "तर पिणार नाही" असं लिहिलं की योजना फसते. हात रिकामेच राहतात. अशा योजना एका वेळी दोन-तीनच करा आणि मोठ्यानं म्हणून बघा.

अर्थात, ज्याला सोडायचीच नाही त्याच्यापुढं ही योजना ठेवून उपयोग नाही. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी बदलाच्या पायऱ्या सांगितल्या: विचारच नाही, विचार चालू आहे, तयारी, कृती, टिकवणं. माणसं या पायऱ्या ओळीनं चढत नाहीत, उड्या मारतात आणि घसरतात, त्यामुळं फार कवटाळून बसू नये. पण 'विचार चालू' असलेल्याला भाषण द्यायचं नाही, एवढं त्यातून घ्यावं. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या प्रेरक संवादात, म्हणजे बदलाचं कारण समोरच्याकडूनच काढून घेणाऱ्या बोलण्याच्या पद्धतीत, एक साधा प्रश्न आहे. "कमी करणं किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?" समोरचा म्हणतो, चार. तिथं "दहा का नाही?" विचारलं की तो सबबी मोजू लागतो. "चार तरी कसं? दोन का नाही?" विचारा. मग तोच सांगतो की पोरगी बोलत नाही, उचल फिटत नाही. कारण त्याच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नाही.

आता माप. 42.8 टक्के अल्कोहोल असलेल्या दारूच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 77 मिली, म्हणजे 60 ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं. 10 ग्रॅमचं एक प्रमाणित पेय धरलं तर ती सहा झाली. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी: 8 टक्क्यांच्या 650 मिली बाटलीत 41 ग्रॅम, म्हणजे चार. हातभट्टीचा हिशोब करता येत नाही, कारण ती किती कडक आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

रोज पिणाऱ्यानं, विशेषतः सकाळी हात थरथरतात त्यानं, घरीच एकदम बंद करू नये. शेवटच्या पेयानंतर 6 ते 24 तासांत घाम, थरथर, उलटी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, नसलेलं दिसणं. यात जीवही जातो. "भूत लागलं" म्हणून अंगारा देणाऱ्याकडं नेऊ नका, सरळ उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. थायमिनबद्दल (ब1 जीवनसत्त्व) डॉक्टरांना जरूर विचारा. फोनवर सल्ल्यासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 वर आहे.

आणि घसरलं तर? ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात दाखवलं की पहिल्या घोटापेक्षा "मोडलीच आता, मग होऊ दे" हा विचार जास्त घात करतो. शपथ जितकी कडक, तितकी ही ओळ जोरात येते. माळ घातलेले पुष्कळ जण टिकतात, त्यात श्रद्धेसोबत बदललेली संगतही असते, एवढं माझं मत. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात उतरते, तेवढा वेळ धाब्यापासून लांब काढायचा.

तरी प्यायलंच, तर दुसऱ्या दिवशी दुपारी, डोकं ठिकाणावर असताना, वहीत चार गोष्टी लिहा: वाजले किती, सोबत कोण, खिशात किती, जेवण झालं होतं का. चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या मोंढ्याला निघताना डबा आडतीपर्यंत न्या आणि पट्टी घ्यायच्या आधी खा.