राधानगर: समुद्राकडे पाठ करून पाहिलेला किनारा

नागपूरच्या माणसाला समुद्र सहजासहजी भेटत नाही. पश्चिमेला मुंबई आठशे किलोमीटरच्या पुढे, पूर्वेला विशाखापट्टणमही काही शेजारी नाही. आमची चौपाटी म्हणजे फुटाळा तलाव. त्यामुळे अंदमानचं ठरलं तसं घरात सगळं बोलणं एकाच जागेभोवती फिरू लागलं: राधानगर. 2004 साली टाइम मासिकानं आशियातला सर्वोत्तम म्हणून गौरवलेला आणि 2020 मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेला हा किनारा स्वराज द्वीपवर आहे. बेटाचं जुनं नाव हॅवलॉक. ते 2018 च्या डिसेंबरात बदललं, पण बोटीवर आणि बसमध्ये लोक अजून हॅवलॉकच म्हणतात.

सोबत बायको, लेक आणि बाबा होते. बाबांची सगळी नोकरी वनखात्यात, पेंच-नागझिऱ्याच्या पट्ट्यात गेली. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिलंय ते बरंचसं त्यांनीच दाखवलेलं आहे.

चेन्नईला विमान बदलून पोर्ट ब्लेअर गाठलं. त्या शहराचंही नाव आता श्री विजयपुरम झालं आहे. सेल्युलर जेल पाहिलं. पण ते दोन ओळींत उरकायची जागा नव्हे, त्यावर स्वतंत्र लिहीन. तिथून बोटीनं हॅवलॉक. धक्क्यावर उतरलं की लोक पत्ता आकड्यांत सांगतात. बाजार तीन नंबरला, राधानगर सात नंबरला. गावांची नावं मात्र गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं इथं जमिनी देऊन वसवलं, त्यांची ही गावं. म्हणून जेवणात मोहरीच्या रश्शातली मासळी आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती, केळी, सुपारी. बाजारापासून राधानगर दहा-बारा किलोमीटर. सरकारी बस जाते, स्कूटरही भाड्यानं मिळते. शेवटच्या टप्प्यात शेती संपते आणि रस्ता दाट झाडीत शिरतो. तिथं बाबा खिडकीकडे सरकून बसले.

नारळपाण्याच्या टपऱ्या ओलांडून आत गेलं की समुद्र दिसायच्या आधी सावली लागते. उंच, सरळ, जाड बुंध्यांची झाडं अगदी वाळूच्या काठापर्यंत उभी आहेत, आणि त्यांच्या मधून पांढरी वाळू, मग हिरवट आणि पुढे निळं पाणी. लेक धावतच सुटली. आम्हीही तिच्यामागे गेलो. वाळू इतकी बारीक की पाय टाकला की करकरते. आपल्या कन्हान नदीच्या वाळूसारखी ही खडकाची नाही. प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा होऊन झालेली आहे, म्हणून पांढरी, आणि दुपारीही पायाला फारशी पोळत नव्हती. किनारा दोनेक किलोमीटर लांब, चंद्रकोरीसारखा वळलेला. उतार सौम्य, लाटा मोठ्या पण पसरट.

बाबा मात्र पाण्याकडे आलेच नाहीत. वळून पाहिलं तर ते झाडाखाली वाकून काहीतरी उचलत होते.

"इकडे ये, हे पाह्य," त्यांनी हाक मारली.

वाऱ्यानं तुटलेली ताजी डहाळी होती. पानं जाड, गुळगुळीत, सगळी टोकाशी झुपक्यानं आलेली. बाबांनी एक पान देठाशी मोडलं. पांढरा चीक आला. "हे चिकूच्या नात्यातलं झाड आहे," ते म्हणाले. नारळवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "मोहवा है, समुंदर का मोहवा." बाबांचा चेहरा उजळला. आपला विदर्भातला मोह, चिकू आणि हे झाड, तिन्ही एकाच कुळातली. मोहाच्या झाडांखाली उभं आयुष्य काढलेला माणूस हजारेक मैल ओलांडून त्याच कुळाच्या सावलीत उभा होता. मला फार बरं वाटलं.

मग बाबांनी आम्हाला वाळूवरून उठवून झाडीच्या कडेकडेनं उत्तरेला चालवलं. वाळू आणि जंगल यांच्या सीमेवर ही झाडं मुळं पसरून बसली आहेत. काही ठिकाणी लाटांनी माती नेलीय आणि मुळं उघडी पडलीत. ही रांग गेली तर वाळूही जाईल, असं बाबांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. शंभरेक वर्षांत अंदमानात लाकूडतोड प्रचंड झाली. ओंडके ओढायला मुख्य भूमीवरून हत्ती आणले आणि ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायचे. त्यातलाच राजन नावाचा हत्ती म्हातारपणी याच किनाऱ्यावर समुद्रात डुंबायचा. 2016 मध्ये तो गेला. हे ऐकल्यावर लेकीनं सगळ्या झाडांच्या बुंध्यांना हात लावत लावत चालायला सुरुवात केली.

उजव्या टोकाला नील्स कोव्ह आहे, शांत, काचेसारख्या पाण्याची खाडी. तिथं पोहायचा मोह आवरा. 2010 मध्ये याच ठिकाणी एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. लाईफगार्ड शिट्टी मारतात ती ऐका, आखून दिलेल्या हद्दीतच उतरा. खाऱ्या पाण्यातली मगर हे तिचं घर मानते आणि ते खरंच आहे.

तिथंच लेकीनं एक सुंदर शंख उचलला आणि किंचाळून टाकून दिला. शंखाला पाय होते. आम्ही सगळे उकिडवे बसून पाहत राहिलो. आधी काहीच हललं नाही. मग दोन बारीक मिशा बाहेर आल्या, मग देठांवरचे काळे डोळे, मग पाय, आणि एक मोठी नांगी, जिनं त्यानं आतापर्यंत शंखाचं दार घट्ट लावून घेतलं होतं. आजूबाजूला असे डझनावारी. या खेकड्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो, आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आपण शोकेससाठी शंख वेचून नेले तर त्याला घर कुठलं? शंख-शिंपले आणि प्रवाळ न्यायला इथं मनाई आहे, विमानतळावर सामानही तपासतात. लेकीनं खिशातले सगळे शिंपले तिथंच रिकामे केले, कुणी न सांगता.

सूर्यास्तासाठी गर्दी होते ती खरी. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा: नागपूर 79 अंश रेखांशावर, अंदमान 93 वर, घड्याळ मात्र एकच. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा बराच आधी जातो, डिसेंबरात पाचच्या सुमारासच. दुपारी चारला निघू म्हणणारे धावतपळत येतात आणि एक फोटो काढून परततात. तुम्ही जेवण उरकून बाराच्या आसपासच पोचा. आधी तासभर झाडीत फिरा, मग पाण्यात उतरा, मग वाळूत बसा. अंधार पडायला लागला की रक्षक सगळ्यांना बाहेर काढतात, आणि परतीच्या बसची वेळ आल्याआल्याच चालकाला विचारून ठेवा, कारण नंतर रिक्षावाले मागतील तो दर द्यावा लागतो.