तुम्ही विचारलंत म्हणून: डेटाबेस विंडोजवर ठेवायचा की लिनक्सवर?

सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत पेढी असो, विश्रामबागेतली पतसंस्था असो की कुपवाड एमआयडीसीतला कारखाना, मी डेटाबेस सांभाळते हे कळलं की चहाच्या आधी प्रश्न येतो. "काय ओ मॅडम, आमचा सर्व्हर विंडोजचा घ्यावा का लिनक्सचा?" मी उलट विचारते, "रात्री बंद पडला तर उठून बघणार कोण?" समोरच्याला वाटतं, बाई टाळतायत. टाळत नाही. उत्तर तिथूनच सुरू होतं, पण ते चहाच्या कपात मावत नाही.

वेगाचं आधी उरकते. पाच-पंचवीस माणसं काम करतात अशा ठिकाणी वेग ऑपरेटिंग सिस्टिमवर फारसा अवलंबून नसतो. डिस्क, मेमरी आणि इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नीट असले की झालं. खर्चात मात्र फरक आहे. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरनुसार मोजलं जातं, डेबियन आणि उबुंटू हे लिनक्सचे प्रकार फुकट मिळतात. फुकट म्हणजे सांभाळणाराही फुकट, असा समज करून घेणारे भेटतात, तो भाग वेगळा.

1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं. माहिती आत कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरज पडू नये, हा त्यातला मोठा मुद्दा. वापरणाऱ्याच्या बाबतीत हे आजही खरं आहे. सभासदांची यादी मागणारी एसक्यूएलची (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची) ओळ विंडोज-लिनक्स दोन्हीकडे तीच. सांभाळणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. हरिपूरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली हळद आणि शीतगृहातली हळद, हळदच. पण पेववाला जमिनीची ओल बघतो आणि शीतगृहवाला वीज.

ओरॅकल या डेटाबेसचं बघा. लिनक्सवर त्याचं पार्श्वभूमीतलं प्रत्येक काम ही वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम असतो: पीमॉन, एसमॉन, लॉगरायटर. चालू प्रोसेसची यादी दाखवणारी पीएस कमांड दिली की सगळे नावानिशी रांगेत दिसतात. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, ओरॅकलची एकच एक्सई फाइल चालताना दिसेल आणि बाकी सगळं तिच्या पोटात थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसचे धागे म्हणून. अडकलेलं एखादं सेशन (एका वापरणाऱ्याची जोडणी) ओरॅकलच्या आतून मरत नसेल, तर लिनक्सवर ती नेमकी प्रोसेस शोधून मारता येते. विंडोजवर त्यासाठी ओराकिल नावाचं वेगळं साधन आहे, कारण टास्क मॅनेजरमधून मारलंत तर अख्खा डेटाबेसच खाली येतो.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर प्रत्येक कनेक्शनला एक प्रोसेस. लिनक्सवर ती फोर्क करून, म्हणजे चालू प्रोसेसची नक्कल काढून, स्वस्तात जन्मते. विंडोजला फोर्क नाही, तिथे प्रत्येक वेळी नवी प्रोसेस मुळापासून उभी करावी लागते. म्हणून दर क्लिकला नवं कनेक्शन उघडणारा प्रोग्रॅम विंडोजवर लवकर धापा टाकतो. आणि "लिनक्सवर किल माइनस नाइन (प्रोसेस जबरदस्तीनं मारायची कमांड) चालतं की" म्हणणाऱ्यांसाठी: पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मारली, तर तो बाकीची सगळी कनेक्शनं तोडतो आणि रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो. सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेनं तो तसं करतो, आणि बरोबरच करतो.

लिनक्सचीही स्वतःची खोड आहे. मेमरी संपली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एखादी प्रोसेस निवडून मारतो, आणि डेटाबेस सगळ्यात जाडजूड असल्यानं बहुतेकदा तोच बळी जातो. पोस्टग्रेससाठीच्या मशीनवर ओव्हरकमिट हे सेटिंग 2 वर, म्हणजे मर्यादेबाहेर मेमरी कबूल न करण्यावर ठेवतात ते यासाठी. विंडोजवर हे भूत नाही, पण अँटिव्हायरस आहे. डेटाबेसचा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळला नसेल, तर ऐन व्याज आकारणीच्या दिवशी तो फायली धरून बसतो.

फाइल पुसायची रीतही वेगळी. वापरात असलेली फाइल विंडोज सहसा पुसूच देत नाही. लिनक्स पुसू देतो, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा मोकळी करत नाही. वीस जीबीचा लॉग उडवला तरी डिस्क भरलेलीच दिसते आणि माणूस चक्रावतो. याची चांगली बाजूही आहे. चुकून पुसलेली डेटा फाइल डेटाबेस चालू असेपर्यंत प्रॉक या, चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधून परत काढता येते. अशा वेळी पहिला नियम, घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करायचा नाही.

पण माझ्याकडे रडत येणारी बहुतेक प्रकरणं या दोन्हींपैकी एकावर नीट चाललेली असतात. रडारड सुरू होते एकीकडून दुसरीकडे जाताना.

मायएसक्यूएल या तिसऱ्या डेटाबेसमध्ये टेबलाचं नाव विंडोजवर लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद करत नाही, लिनक्सवर करतं. विंडोजवर ते नाव मुळात लहान अक्षरांतच साठवलं जातं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं मोठ्या एमनं मेंबर्स लिहिलेलं वर्षानुवर्षं चालतं, आणि लिनक्सवर हलवल्याच्या सकाळी काउंटरवर "असं टेबलच नाही" हा निरोप येतो. यासाठी सेटिंग आहे, पण आठव्या आवृत्तीपासून ती डेटाबेस पहिल्यांदा उभारतानाच द्यावी लागते, मागाहून बदलता येत नाही.

दुसरं, बॅकअप. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये (कमांड द्यायच्या खिडकीत) मायएसक्यूएलचा डंप, म्हणजे सगळा डेटा एसक्यूएल ओळींच्या रूपात, बाणाच्या चिन्हानं फाइलीत वळवला, तर ती फाइल यूटीएफ-16 या वेगळ्या अक्षर-सांकेतिकीत बनते आणि परत चढवताना अडते. सभासदांची मराठी नावं तर वाटेतच विद्रूप होऊ शकतात. डंप साधनाला रिझल्ट-फाइल हा पर्याय देऊन फाइल त्यालाच लिहू द्यायची, एवढाच उपाय. पण तो बॅकअप परत चढवून बघितला असेल, तरच हे वेळेत कळतं.

तिसरं प्रकरण सगळ्यात गुपचूप येतं. लिनक्सवर पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम जीलिबसी नावाच्या सिस्टिम लायब्ररीकडून घेतो. 2018 मध्ये तिची 2.28 आवृत्ती आली आणि क्रमाचे नियम बदलले. "1-1" आणि "11" यांत आधी "11" पुढे येत असे, आता "1-1" येतो. शाखा-खाते अशा डॅशवाल्या खातेक्रमांकांचा इंडेक्स जुन्या क्रमानं बांधलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की पोस्टग्रेस नव्या क्रमानं शोधतो आणि असलेलं खातं सापडत नाही म्हणून मोकळा होतो. त्याहून वाईट म्हणजे, एकच नोंद दोनदा येऊ न देणारा युनिक इंडेक्स असूनही तेच खातं दुसऱ्यांदा उघडू शकतं. उपाय एकच, अक्षरी इंडेक्स नव्यानं बांधणे. इथे विंडोजचा संबंधही नाही, जुन्या लिनक्सवरून नव्या लिनक्सवर जातानाच हे घडतं. क्षीरसागर आडनाव यादीत "क"मध्ये यावं की "ज्ञ"च्या शेजारी, हेही याच नियमांवर ठरतं. दहा ठिकाणी तो क्रम सारखा हवा असेल तर आयसीयू या, सिस्टिमपासून वेगळ्या लायब्ररीचे नियम वापरा, पोस्टग्रेसमध्ये 2017 पासून ती सोय आहे. अर्थात आयसीयूची आवृत्ती बदलली की इंडेक्सकडे पुन्हा बघायचंच.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा नदी गावात शिरली तेव्हा तळमजल्यावरच्या एका कार्यालयाचा विंडोज सर्व्हर पाण्यात गेला. बॅकअप वरच्या मजल्यावर सुखरूप होता, पण तो होता पोस्टग्रेसचा नुसता डेटा फोल्डर, सेवा बंद करून कॉपी केलेला. हाताशी सुकं मशीन होतं ते लिनक्सचं. तो फोल्डर तिथे उघडत नाही. असा बॅकअप त्याच जातीच्या सिस्टिमवर आणि त्याच मुख्य आवृत्तीवर चालतो. मिरजेतून दुसरं विंडोज मशीन आणून त्यावर तीच आवृत्ती टाकली, तेव्हा खाती उघडली. पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या डंप साधनानं काढलेली फाइल असती तर लिनक्सवर त्याच संध्याकाळी काम सुरू झालं असतं. म्हणून मी रोजच्या बॅकअपसोबत आठवड्याला एक असा डंप घ्यायला लावते आणि तो मुद्दाम दुसऱ्या सिस्टिमवर चढवून बघते.

आता तुमचं उत्तर. प्रोग्रॅम एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर असेल आणि हाकेला येणारा मुलगा विंडोजवाला असेल, तर विंडोजवरच राहा. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असेल आणि कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनला न घाबरणारं कुणी पगारावर असेल, तर लिनक्स घ्या, मला स्वतःला तेच आवडतं. एसक्यूएल सर्व्हर 2017 पासून लिनक्सवरही चालतो. पण तुमचा अकाउंटिंगचा प्रोग्रॅम त्यावर चालेल का, हे मला विचारू नका. विकणाऱ्याला विचारा, आणि कोणत्या आवृत्तीवर तपासलंय ते लेखी घ्या.